चौकातले नाटक

पथनाट्य ही कला की प्रचार, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. घोषणा म्हणजे संवाद नव्हे, असा आक्षेप रसिक घेतात आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि निवाडा करण्यापूर्वी दिल्लीच्या ‘जन नाट्य मंच’चे कार्य ध्यानात घ्यावयास हवे.

1973 साली स्थापन झालेली ही संस्था आरंभी मोठी रंगमंचीय नाटके करीत असे. आणीबाणीनंतर कामगार संघटनांना तो खर्च पेलेना. तेव्हा 1978 मध्ये ‘मशीन’ हे जेमतेम 13 मिनिटांचे नाटक उभे राहिले. गाझियाबादच्या एका कारखान्यात सायकली ठेवण्यास जागा आणि उपाहारगृह मागणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला होता. तेच या नाटकाचे बीज. नट स्वतःच्या देहांचे यंत्र रचतात. ते धडधडते आणि एकाएकी थांबते. नेपथ्य नाही, पडदा नाही. तरी माणसाचे यंत्र झाले आहे, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. येथे प्रतिमाच युक्तिवाद करते. म्हणून ही कला होय.

उणीवही सांगितली पाहिजे. त्यातला मालक केवळ मुखवटा आहे. त्याला अंतःकरण नाही, म्हणून पश्चात्तापाची वाटही नाही. ख्रिस्ती मनाला हे खुपते. प्रभू येशूनेही लोकांना उघड्यावर दाखले सांगितले. परंतु चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याअखेर खरा शेजारी कोण ठरला, हे त्याने शास्त्र्यालाच विचारले. घोषणा श्रोत्याला निर्दोष ठरवून घरी पाठवते. प्रश्न त्याच्याबरोबर घरी जातो.

या कलावंतांची निष्ठा मात्र निर्विवाद आहे. 1 जानेवारी 1989 रोजी साहिबाबादच्या झंडापूर येथे ‘हल्ला बोल’ चालू असताना नटांवर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार मारला गेला. दुसऱ्या दिवशी 34 वर्षांच्या सफदर हाश्मींनी प्राण सोडला. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री यांनी सहकाऱ्यांसह त्याच जागी ते अपुरे नाटक पूर्ण केले. त्यांची मार्क्सवादी विचारसरणी आपली नव्हे. पण साक्ष देणे म्हणजे काय, हे आपल्याला त्यांच्याकडूनही शिकता येईल.

आपल्या धर्मग्रामांतील युवक व्यसनमुक्तीवर पथनाट्ये बसवतात. दारुड्याला खलपुरुष करणे सोपे असते. लग्नाच्या मांडवात त्याचा पेला भरणारे आपण त्या नाटकात कोठे उभे आहोत, हे दाखवणे कठीण. तेच त्यांनी दाखवावे.