शर्यत कठीण असावी, पण कुठवर?

डोंगरातली शर्यत खराब हवेत रद्द करावी का, हा वाद दर हिवाळ्यात निघतो. वाचकहो, उत्तर देण्याआधी दोन शर्यती शेजारी ठेवून पाहा.

ऑक्टोबर २००८ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ वादळी वाऱ्यापावसात सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी थांबवावी लागली. शेकडो धावपटू बेपत्ता असल्याच्या बातम्या झळकल्या, पण मृत्यू एकही झाला नाही. तिथे जोडीनेच धावायचे असते. तंबू, झोपायची पिशवी आणि अन्न पाठीवर असते. अडकलेल्यांना डोंगरात रात्र काढता आली.

मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीला गारठ्याने आणि वाऱ्याने गाठले. १७२ पैकी २१ धावपटू दगावले. अनेकांच्या अंगावर पातळ टीशर्ट आणि अर्धी चड्डी होती. वारा अडवणारे जॅकेट सक्तीचे नव्हते.

म्हणजे कठोरपणा हवाच, पण तो नियमांत. तरीही इंग्लंडच्या आयोजकांना पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत. हवामानाचा इशारा आधीच मिळालेला होता, आणि तिथली डोंगरी बचाव पथके स्वयंसेवकांची असतात. आपल्या हौसेची किंमत त्यांनी का मोजावी?

तेव्हा नाव नोंदवताना चढ किती मीटरचा आहे एवढेच पाहू नका. कोणते सामान सक्तीचे आहे, ते तपासतात का, मधूनच खाली उतरायची वाट कुठे आहे आणि शर्यत थांबवायचा अधिकार कोणाला आहे, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे भरू नका.