विषाणू आणि विटाळ

‘दशावतारम्’ (२००८) या तमिळ चित्रपटात घातक विषाणूसाठी पाठलाग चालतो. अखेर २००४ च्या त्सुनामीचे खारे पाणी त्याला मारते. कमल हासनच्या दहा भूमिकांत वाळूचोरांशी लढणारा दलित कार्यकर्ता पूवरागनही आहे. लाटेत मुले वाचवताना तो मरतो, तेव्हा एक ब्राह्मण म्हातारी त्याला कवटाळते. तेही आपलाच मुलगा समजून, भ्रमात! शहाणपणी, जिवंतपणी हा स्पर्श का नाही, हा सवाल मला छळतो.

बीडजवळच्या पाली येथे ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळते. स्पर्शाने एचआयव्ही पसरत नाही. तरी समाज अशा लेकरांना शिवत नाही. हा विटाळ आमच्या ओळखीचा आहे. त्याला समुद्राचे पाणी पुरत नाही. महाडला १९२७ साली आम्ही जिवंतपणी, हक्काने पाण्याला शिवलो. मेल्यावरची माया आम्हाला नको.