अनवाणी चालणे आणि पुराव्याची कसोटी

सकाळी दवाच्या गवतावर अनवाणी चालावे, हा सल्ला आपल्याकडे जुनाच आहे. नवे आहे ते त्याला जोडले जाणारे विज्ञान. क्लिंटन ओबर, स्टीफन सिनात्रा व मार्टिन झुकर यांचे ‘अर्थिंग’ हे इंग्रजी पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : जमिनीत मुक्त इलेक्ट्रॉनांचा साठा आहे, रबरी तळांच्या पादत्राणांमुळे आपण त्याला पारखे झालो, अनवाणी चालल्यास हे इलेक्ट्रॉन शरीरात शिरतात, दाह शमतो, झोप सुधारते. ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी प्लगच्या अर्थिंगला जोडायच्या चादरी व चटयाही विकल्या जातात. विद्यार्थी याविषयी विचारतील तेव्हा ‘थोतांड’ म्हणून झटकण्यापेक्षा दावा तपासून दाखवणे अधिक उपयोगाचे.

प्रथम भौतिकशास्त्र पाहू. माणसाच्या शरीराची विद्युतधारिता सुमारे १०० पिकोफॅरड असते. घर्षणाने शरीर १,००० व्होल्टपर्यंत भारित झाले असे धरले, तर जमिनीला पाय लागताच सुमारे ६०० अब्ज इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. आकडा मोठा वाटतो. पण शरीरातील अणूंची संख्या पाहता हे प्रमाण एकावर सोळा शून्ये इतक्या अणूंमागे एक इलेक्ट्रॉन असे पडते. हा व्यवहार क्षणार्धात संपतो. शरीर ऋणभारित असेल तर इलेक्ट्रॉन जमिनीतून येत नाहीत, उलट जमिनीत जातात. शिवाय वाहकावरील जादा भार पृष्ठभागावरच राहतो, हे आपण अकरावी-बारावीत शिकवतोच. मग तो सांध्यातील दाहापर्यंत पोहोचणार कसा?

तरीही तर्काला न पटणारी गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली, तर ती मान्य करावी लागेल. म्हणून प्रयोग पाहू. या मताच्या समर्थनार्थ २००४ सालचा एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. त्यात १२ जणांना आठ आठवडे अर्थिंग केलेल्या गादीवर झोपवले गेले. बहुतेकांनी बरे वाटल्याचे सांगितले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. काही अभ्यासांत असा गट होता, पण माणसे फार थोडी. २०१२ साली या विषयाचा आढावा घेणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या काही लेखकांचा अर्थिंगच्या क्षेत्रातील कंपनीशी आर्थिक संबंध होता. तशी नोंद निबंधातच आहे. संबंध असला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र स्वतंत्र पडताळणीची गरज वाढते.

महाड-पोलादपूरकडे लावणीच्या दिवसांत माणसे सकाळपासून अनवाणी चिखलात उभी असतात. ओल्या मातीहून चांगले अर्थिंग कोणते? तरी या लोकांकडे बोट दाखवून दावा खरा वा खोटा ठरवता येणार नाही. वाकून केलेले कष्ट, आहार, वय या साऱ्यांचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. तो वेगळा काढायला तुलनाच हवी.

अशी तुलना कशी करावी, याचा धडा याच भागात मिळतो. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसे दगावतात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडी व महाड येथे अशा रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला. पुढे विंचवाच्या विषावरील लस जोडीला दिल्यास अधिक गुण येतो का, हे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच तपासले. ७० रुग्णांचे, कोणतीही निवड न करता, ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन व लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. ही चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला काय दिले हे लपवलेले नव्हते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २०११ च्या निबंधाच्या शीर्षकातच ही मर्यादा नमूद आहे.

अनवाणी चालण्याचे गोडवे गाताना हाच विंचू विसरून चालत नाही. तो रात्री बाहेर पडतो आणि उघडा पाय त्याला सहज सापडतो. अंकुशकृमीच्या अळ्या दूषित मातीतून तळपायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना तर जखम झालेली कळतही नाही. चप्पल ही येथे चैन नव्हे, संरक्षण आहे. रात्रभर बाहेर राहिलेली चप्पल झटकून घालावी, एवढेच.

स्वच्छ गवतावर दिवसाउजेडी अनवाणी फिरण्यात आनंद आहे, आणि चालण्याचा व्यायाम तर चांगलाच. त्यासाठी इलेक्ट्रॉनांची साक्ष काढण्याचे कारण नाही. वर्गात मात्र मुलांना एक काम जरूर द्यावे : अर्थिंगच्या चटईचा दावा तपासणाऱ्या प्रयोगाचा आराखडा त्यांनी कागदावर करावा. गट कसे पाडाल? दुसऱ्या गटाला कोणती चटई द्याल? आपली चटई जोडलेली आहे की नाही, हे झोपणाऱ्याला कळू नये म्हणून काय कराल? या प्रश्नांची उत्तरे शोधणारा विद्यार्थी पुढचा नवा दावाही स्वतःच तपासू शकेल.