बाभळीवरचा काळा डाग

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी लागते. काळ्या जमिनीचा हा सगळा पट्टा बाभळीचा. वखराचं दिंड असो की गाडीच्या चाकाचे आरे, या भागातल्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभूळच हाताशी धरली. ती बांधावर उभी होती आणि ओझ्याला दबत नव्हती. ज्याने बाभळीवर रंधा मारला आहे, त्याला तिच्यावर पडणारा काळा डागही ठाऊक असतो. कामाच्या जागी नकळत पडणाऱ्या सगळ्या डागांत मला हा सर्वांत वाचण्याजोगा वाटतो.

दिवस मृगाचे. हवेत ओल आहे. रंधून ठेवलेल्या फळीवर पावसाची झड आली आणि त्यावर पटाशी तशीच राहिली. संध्याकाळी उचलली तर खाली फिकट करडी सावली दिसते, नजरेत भरणारही नाही अशी. सकाळी तीच सावली निळसर काळी झालेली असते. लालसर तपकिरी लाकडावर पटाशीच्या पात्याचा आकार नेमका उमटलेला. आता डोळा जवळ नेऊन पाहा. आडव्या अंगाला डागाची कड रेघेसारखी स्वच्छ आहे. उभ्या अंगाला मात्र ती रेषांच्या वाटेने पुढे सरकली आहे, केसाएवढ्या काळ्या तंतूंनी. पाणी लाकडात कुठून शिरलं, कोणत्या नळ्यांनी चाललं आणि कुठे थांबलं, हे त्या तंतूंवरून कळतं. फळीच्या टोकाला, जिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथे हाच डाग जास्त खोल आणि जास्त गडद असतो.

काळेपणा लोखंडातून आला असं वाटतं, पण ते अर्धंच खरं. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. तिची साल कातडी कमवायला वापरतात ती त्याचसाठी. ओलाव्यात लोखंडाचा सूक्ष्म अंश विरघळतो, टॅनिनला चिकटतो आणि हवा लागली की काळा पडतो. म्हणून रात्र जावी लागते. लोखंडी कढईत आवळा उकळला की तो काळा होतो, ते हेच. हिराकस आणि तुरट फळं यांपासून शाई करत, तीही हीच. युरोपात शतकानुशतकं याच शाईने लिहिलं गेलं. बाख या जर्मन संगीतकाराच्या हस्तलिखितांचा कागद तिने पुढे कुरतडून टाकला. फळीवरचा डाग म्हणजे अक्षरशः शाई आहे, आणि तिची अर्धी सामग्री लाकडाने स्वतःच्या अंगातून दिलेली आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तीच पटाशी त्याच फळीवर आठवडाभर पडली तरी काही होत नाही. लोखंड, टॅनिन आणि पाणी, तिघांपैकी एक नसेल तर डाग नाही.

हे वाचून झालं की काढण्याची रीत आपोआप समोर येते. नवशिका आधी काचकागद घेतो. घासत जातो, डाग थोडा फिकटतो, खाली पुन्हा दिसतो, कारण तो नळ्यांतून आत उतरलेला असतो. शेवटी फळीला खळगा पडतो आणि डाग राहतो. व्हिनियरवर तर हे करूच नये. तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, चार हात मारले की खालचं प्लायवूड वर येतं.

जाणता मिस्त्री ऑक्झॅलिक ॲसिड मागवतो. हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात ते मिळतं. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात स्फटिक विरघळेनासे होईपर्यंत टाकायचे. भांडं, ब्रश, काहीही लोखंडाचं नको, नाहीतर औषधातूनच नवा डाग. मग ते पाणी डागावर लावलं की पुढची काही मिनिटं खरोखर पाहण्यासारखी असतात. काळा रंग पुसला जात नाही, तो मावळतो. आधी कडेचा निळसरपणा जातो, मग मधला भाग करडा होतो, मग तपकिरी, आणि खालच्या रेषा एकेक करून परत दिसायला लागतात. ऑक्झॅलिक ॲसिड लोखंडाला टॅनिनपेक्षा घट्ट धरतं, त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि बाहेर आणतं. लाकडाचा मूळ रंग त्याच्या जागी राहतो. सुतारकामात इतकी नेमकी क्रिया मला दुसरी माहीत नाही: जे बाहेरून आलं तेवढंच बाहेर जातं. चिंच-लिंबानेही हे थोडंफार होतं, पण फार सावकाश आणि अर्धवट.

यातली खरी कारागिरी मात्र पुढे आहे. डागापुरतंच औषध लावलं तर डाग जातो आणि त्याच आकाराचा उजळ ठिपका मागे राहतो, कारण उन्हा-हवेने मळलेला भोवतालचा पृष्ठभाग तसाच असतो. म्हणून जाणकार हात सगळी फळी ओली करतो, या जोडापासून त्या जोडापर्यंत. मग पाण्याने दोन-तीनदा धुतो. दख्खनच्या कातळातल्या विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातला चुना ॲसिडशी मिळून पांढरी साय धरतो. साठवलेलं पावसाचं पाणी इथे उत्तम. आणि वाळल्यावर लगेच काचकागद मारायचा नाही. रेषांत स्फटिक उरले असतील तर ती धूळ नाका-घशाला झोंबते. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच.

बाकीचे डाग थोडक्यात. हळदीचा डाग धुण्यापेक्षा उन्हात टाकावा. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात वसमतची हळद पिकते, तिथल्या घराघरांत ठाऊक आहे की हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. लाकडावरही तो तसाच उडतो. त्यावर चुना किंवा साबण लागला तर मात्र तो लाल होतो. वंगणाचा डाग घासला की पसरतो. खडूची भुकटी थिनरमध्ये कालवून तिचा जाड लेप द्यावा. थिनर उडताना तेल भुकटीत चढतं. आगीपासून लांब, अर्थात. चपड्याच्या पॉलिशवर पाण्याच्या तांब्याने उठलेलं पांढरं कडं लाकडात नसतंच, ते पॉलिशमध्ये असतं. स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा हलकेच फिरवला की जातं. पांढऱ्या पाइनवरची निळी झाक बुरशीची असते, तिला ऑक्झॅलिक काही करत नाही, क्लोरीनचं ब्लीच लागतं. ही दोन औषधं कधीही एकत्र करू नयेत, विषारी वायू सुटतो.

सर्वांत लबाड डाग फेविकॉलचा, कारण तो दिसतच नाही. जोडातून बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसला की पातळ होऊन रेषांत बसतो, आणि पॉलिश चढल्यावर तिथे फिका डाग उघडा पडतो. थोडा घट्ट होऊ द्यावा आणि पटाशीने सोलून काढावा.

आता एक प्रश्न, ज्यावर माझं मत ठाम आहे. मोडीत काढलेल्या बैलगाड्यांच्या लाकडाची हल्ली बाकं आणि टेबलं होतात. त्या फळ्यांत प्रत्येक खिळ्याभोवती काळं कडं असतं, आणि गिऱ्हाईक कधी कधी ते घालवायला सांगतं. मी म्हणेन, आधी आरी टोचून पाहा. लोखंडाच्या गंजाने तिथलं लाकूड कुजलेलं, भुसभुशीत असेल तर तेवढा भाग कापून ठिगळ बसवा, तिथे औषध लावून उपयोग नाही. लाकूड टणक असेल तर कडं राहू द्या. नव्या फळीवरचा पटाशीचा ठसा हा निष्काळजीपणा आहे, तो काढलाच पाहिजे. खिळ्याभोवतीचं कडं त्या गाडीने पावसाळे पाहिल्याची नोंद आहे. ते पुसून गुळगुळीत केलेलं लाकूड कुठल्याही दुकानातल्या लाकडासारखं दिसतं.

बाभळीवर क्लॅम्प लावताना लोखंडाखाली कागदाची किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवा, ओल्या फळीवर हत्यार टाकून घरी जाऊ नका. आणि ऑक्झॅलिकचं उरलेलं पाणी पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. स्फटिकांच्या डब्यावर नाव ठळक लिहा आणि तो लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा.