ओवीचा संग्रह आणि जातीचा रकाना

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संगणकीय संग्रहात २०१७ पासून क्रमाने येत आहेत. पिठाच्या गिरण्यांनी जाते कोपऱ्यात बसविले, त्यासोबत हे गाणेही मुके होण्याच्या वाटेवर होते. त्यामुळे या कार्याचे मोल मोठे आहे, हे आम्ही आरंभीच नमूद करतो.

या संग्रहाचा खरा गुण असा की, त्याने ओवीला गाणारीपासून तोडलेले नाही. ओवीखाली तिचे नाव, गाव, वस्ती, व्यवसाय यांची नोंद असते. कित्येक ठिकाणी तिचा आवाजही ऐकावयास मिळतो. जातकट्ठकथेची शिस्त याच जातीची आहे. तेथे अतीताची कथा येण्यापूर्वी पच्चुप्पन्नवत्थु येते. कथा कोठे व कोणत्या निमित्ताने सांगितली गेली ते कळते. मुलांच्या पुस्तकांतून हा भाग गळतो आणि जातक म्हणजे केवळ माकड-मगरीची गोष्ट उरते!

माजलगावच्या भीमनगरातील ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेबांवरील त्या ओव्यांत भक्तीपेक्षा आप्तभाव अधिक आहे. घरच्या कर्त्या माणसाविषयी बोलावे तसे या स्त्रिया गातात. परंतु त्याच नोंदीत 'जात' या शब्दापुढे 'नवबौद्ध' असे लिहिलेले आढळते. आमचा आक्षेप येथे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लोकांनी एक जात टाकून दुसरी घेतली नव्हती. 'नवबौद्ध' हा सरकारी कागदांनी रूढ केलेला शब्द. पण शासनाच्या व्यवहारातही जात आणि धर्म या दोन निराळ्या बाबी आहेत. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या, त्या याच भेदाच्या आधारावर. मग संशोधकांनी दोहोंची गल्लत का करावी?

जातीचा उल्लेखच पुसावा, असे आमचे म्हणणे नाही. तो पुसला तर वेशीबाहेरच्या वस्तीतून उमटलेली ओवी सरसकट 'मराठी स्त्रीची ओवी' होऊन बसेल, आणि ते नुकसान अधिक मोठे. जन्माने लादलेली जात एका रकान्यात व स्वीकारलेला धम्म दुसऱ्या रकान्यात नोंदवावा. ज्या गायिका हयात आहेत, त्यांनी स्वतःची ओळख कोणत्या शब्दांत सांगितली, तेही ओवीइतक्याच काळजीने उतरवून घ्यावे.