स्वस्त कॅमेऱ्याची साक्ष

या पृष्ठांवर नाटकाचे, ग्रंथाचे अथवा गायनाचे परीक्षण वाचण्याची वाचकांना सवय आहे. आज ज्या वस्तूचे परीक्षण मी करू इच्छितो ती त्या पंक्तीस बसणारी नाही, हे आरंभीच मान्य करतो. ती वस्तू म्हणजे जत्रेला निघताना हौशी माणसाने खिशात टाकावा असा एक लहानसा, स्वस्त डिजिटल कॅमेरा. माझ्यापुढे मेजावर आहे तो कॅनन कंपनीचा पॉवरशॉट ए४८०. २००९ साली तो बाजारात आला आणि केव्हाच बाजारातून गेला. त्याची सारी जातच आता विरळ झाली आहे. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून रवाना झाले होते. २०२३ साली ती संख्या ८० लाखांच्याही खाली होती. टेलिफोनच त्यांचे काम करू लागला. मेलेल्या वस्तूचे परीक्षण कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आमच्या देवळाच्या सभामंडपात आहे. पण ते यथाक्रम येईल.

प्रथम यंत्र. तळहातात मावणारी ही डबी दोन पेन्सिल सेलांवर चालते. हा तिचा पहिला गुण, कारण जत्रेतल्या कोणत्याही गाड्यावर ते मिळतात. आणि ते लवकर संपतात, हा तिचा पहिला दोष. तिच्या पोटातील प्रकाशग्राही चकती करंगळीच्या नखाहूनही लहान, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद आहे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीत अशा सुमारे ३० चकत्या सहज बसतील. त्या इवल्याशा जागेत एक कोटी बिंदू कोंबलेले आहेत. एवढ्या दाटीत प्रत्येक बिंदूच्या वाट्याला उजेड तो किती येणार? म्हणून भर उन्हात ही डबी खुशीत असते आणि दिवेलागणीला तिची दृष्टी मंदावते. रात्रीच्या पालखीचे चित्र घ्यावे तर काळोखात रांगोळी उधळल्यासारखे रंगीत कण पसरतात आणि दीपस्तंभावरच्या पणत्यांच्या जागी थरथरत्या पिवळ्या रेघा उमटतात.

दोष आणखीही आहेत. डोळा लावून पाहायची खिडकी हिला नाही. मागच्या काचेवर पाहावे तर दुपारच्या उन्हात त्या काचेत स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. कळ दाबणे आणि चित्र उमटणे यांमध्ये एवढा अवकाश जातो की, अक्षता पडून जातात आणि चित्रात येतात ते रिकामे हात.

पण सर्वांत मोठा अपराध तिच्या विजेच्या दिव्याचा, ज्याला आपण सगळेच फ्लॅश म्हणतो. या दिव्याची मजल तीन-एक मीटरची. समोरच्या माणसाच्या कपाळावर तो चुना फासतो आणि त्याच्या मागचा गाभारा काळाठिक्कर करून टाकतो. समईच्या उजेडात मूर्तीच्या मुखावर जी सावली हलते, तीवरच आपल्या दर्शनाची निम्मी भिस्त असते. ती सावली पुसणारे यंत्र देवळात आणू नये, असे अनेक देवस्थानांनी ठरविले आहे. त्यामागची त्यांची कारणे काहीही असोत, सौंदर्याच्या दृष्टीनेही तो निर्णय बरोबर आहे, असे मला वाटते. याच दिव्याने आणखी एक घोटाळा केला. होमाच्या किंवा उत्सवाच्या चित्रांत हवेत तरंगणारी पांढरी, अर्धपारदर्शक वर्तुळे अनेकांनी पाहिली असतील. काहींनी ती दैवी साक्षात्कार म्हणून देवघरात लावली आहेत. श्रद्धेला दुखविण्याचा माझा हेतू नाही. परंतु लहान कॅमेऱ्यात दिवा आणि भिंग इतके जवळ असतात की, भिंगापुढच्या धुळीचा वा राखेचा कण उजळून थेट भिंगातच परततो आणि अंधुक वर्तुळ होऊन बसतो. देव मंडपात असतोच. त्यासाठी राखेच्या कणाची साक्ष काढण्याची गरज नाही.

एवढे दोष दाखविल्यावर पक्षकाराच्या बाजूने काही बोलले पाहिजे.

या यंत्राचा खरा गुण त्याच्या एका असमर्थतेत आहे. पाठीमागचे दृश्य धूसर करणे त्याला जमत नाही. मोठ्या कॅमेऱ्याचे मोठे भिंग उघडे ठेवले म्हणजे फक्त समोरचा चेहरा रेखीव उमटतो आणि मागचे सारे लोण्यासारखे वितळते. धंदेवाईक छायाचित्रकार याचसाठी हजारो रुपये खर्च करतात. लहान चकतीला लहान भिंग पुरते. या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर, दृश्य दूर ठेवले असता, अवघे ६.६ मिलिमीटर आहे. अशा भिंगाने तीन मीटरवर नेम धरला की, सुमारे दीड मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. बटू, त्याची आई, मागे उभी असलेली आतेबहीण, तिच्या मागचा खांब, खांबावरची पाल. कोण महत्त्वाचे आणि कोण बिनमहत्त्वाचे, हे या यंत्राला ठरविता येत नाही. आणि न ठरविता सांगणाऱ्या साक्षीदाराची किंमत न्यायालयात वावरणाऱ्याला सांगावी लागत नाही.

आता सभामंडप. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जुना लाकडी सभामंडप २०१२ साली उतरविण्यात आला. वाळवी लागली होती, मंगळुरी कौलांतून पाणी गळत होते, आणि नव्या सिमेंटच्या मंडपाला देणगीदार तयार होता. ठराव एकमताने झाला व त्या ठरावाखाली माझी सही आहे. चार हात भिंतीच्या वादात पंचनामा, नकाशा आणि मोजमाप यांवाचून पुढे न सरकणारा मी. त्या दिवशी एका खांबाचेही माप घ्यावे असे मला सुचले नाही. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमनाखाली चालतो. महाजनांची नावनिशी ठेवली जाते, पैशांचा हिशेब राहतो, दागिन्यांची यादी होते. खांबांची यादी करावी असे कोणाच्या मनात येत नाही. खांब कुठे जाणार आहेत, असे आपण समजतो. आमचे खांब इमारती लाकूड म्हणून गेले.

अलीकडे समितीने ठरविले की, मंडपाचा दर्शनी भाग तरी पूर्वीसारखा लाकडी करावा. सुतार आला, भला माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला, पूर्वी होता तरी कसा? वृद्धांनी हातवारे करून सांगितले. कोणी म्हणे खांबाच्या माथ्यावर कमळ होते, कोणी म्हणे केळफूल. मग चित्रांचा शोध सुरू झाला. देवस्थानच्या कपाटात सत्कारांची चित्रे विपुल निघाली. शाल, श्रीफळ आणि ओळीने उभे असलेले अध्यक्ष. बोलावून आणलेल्या छायाचित्रकाराने काढलेला एका लग्नाचा सुंदर आल्बमही मिळाला. त्यात वधूच्या पापणीचा प्रत्येक केस दिसत होता आणि मागचा मंडप म्हणजे तपकिरी धुके. कलेच्या दृष्टीने त्या आल्बमला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. सुताराने तो शांतपणे मिटून ठेवला.

साक्षीदार सापडला तो माझ्या बहिणीच्या शिवणाच्या डब्यात. तिच्या मुलाची मुंज २०१० च्या मे महिन्यात त्याच मंडपात झाली होती आणि तिने याच ए४८० ने, कोणाला न विचारता, मनाला येईल तशी चित्रे काढली होती. चित्रे म्हणून ती वाईट आहेत. डोकी कापलेली, क्षितिज कललेले, भिक्षावळीच्या चित्रात भटजींची फक्त पाठ. परंतु दिवसाचा उजेड होता, फ्लॅश पेटला नव्हता, आणि प्रत्येक चित्रात मागे खांब उभा होता. सहा मीटरवरचा वीतभर रुंदीचा खांब या कॅमेऱ्याच्या चित्रात सुमारे १५० बिंदूंची रुंदी व्यापतो. नक्षी कळण्यास ते पुरेसे झाले. कमळ नव्हते, केळफूलही नव्हते. उलटी ठेवलेली घंटा होती आणि तिच्याभोवती मण्यांची माळ. सुताराने मोठ्या पडद्यावर ते पाहिले, खिशातून पेन्सिल काढली आणि कोणाशी न बोलता रेखाटू लागला.

कायद्याचा माणूस म्हणून एक गोष्ट नोंदवितो. या चित्रांवर कॅमेऱ्याने घातलेली तारीख चुकीची होती, कारण सेल बदलल्यावर त्यातील घड्याळ लावण्याची तसदी आम्ही कोणी घेतली नव्हती. दोष यंत्राचा नव्हे. खरी तारीख सिद्ध केली मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेने. यंत्राची साक्षही अशी दुसऱ्या कागदाच्या आधारानेच उभी राहते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी चित्रे न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचा अंकीय ठसा नमूद करावा लागतो. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, तेव्हाच्या कलम ६५-ब चा अर्थ लावताना, मूळ यंत्रच मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन हजर केल्यास प्रमाणपत्राची गरज नाही, असे सांगितले होते. आमच्या खांबावर कोणी दावा लावलेला नाही. तथापि मूळ कार्ड तसेच ठेवा, चित्रे दोन ठिकाणी उतरवून घ्या, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली आक्रसलेली प्रत म्हणजे मूळ चित्र नव्हे, एवढे मी बहिणीला बजावले. नखाएवढे ते कार्ड कचऱ्याबरोबर झाडले गेले असते तर मंडप दुसऱ्यांदा गेला असता.

जुन्या काळी ही नोंद कोणाची होत होती, हेही पाहण्यासारखे आहे. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला असलेल्या लाला दीनदयाळांनी छायाचित्रणाचा आरंभ तेथेच केला. १८८२ साली मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची चित्रे घेत ते फिरले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचपट्ट्यांवर दगडाचा कण न् कण उमटला आहे. ते थोर काम होते, यात शंका नाही. परंतु ते महालांचे आणि किल्ल्यांचे काम होते. आडगावच्या मंडपापर्यंत तो लवाजमा कसा यावा? सामान्य घराने चित्र काढवायचे तर पेठेतील स्टुडिओत जाऊन, रंगविलेल्या पडद्यापुढे उभे राहून. पडद्यावर कारंजे असे आणि घराच्या मागची विहीर कुठेच नसे. कोडकने १९०० साली एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा काढला, तेव्हा परदेशातील सामान्य माणसाचा पडदा प्रथम बाजूला सरला. आपल्याकडे बहुसंख्य घरांत तो सरला तो या स्वस्त डिजिटल डब्यांनी, फिल्म धुण्याचा खर्च उरला नाही तेव्हा.

आणि आता टेलिफोनने तो पडदा परत आणला आहे. त्याचीही चकती लहानच. म्हणून मागचे दृश्य स्वाभाविकपणे स्पष्टच यायचे. परंतु चेहरा कुठे संपतो हे गणिताने हुडकून, मागचे सारे मुद्दाम धूसर करण्याची सोय त्यात २०१६ च्या सुमारास रूढ झाली, आणि लोकांना ती इतकी आवडली की, आमच्या मागच्या उत्सवातील कित्येक चित्रांत देऊळ ओळखू येत नाही. चेहऱ्यामागे केशरी लाडू तरंगताना दिसतात. ते दीपस्तंभावरचे दिवे आहेत, हे सांगावे लागते. रात्रीची चित्रे टेलिफोन फार उत्तम घेतो, हे मी नाकारीत नाही. अनेक चित्रे एकावर एक रचून तो काळोखातून जे काढतो ते ए४८० ला सात जन्मांत जमले नसते. माझी तक्रार फक्त त्या धुक्यापुरती आहे. इकडे काही तरुण मंडळी जुने स्वस्त कॅमेरे पुन्हा हुडकून घेत आहेत, आणि २०२५ साली कोडकच्या नावाने किल्ल्यांच्या जुडग्याला अडकविण्याचा १.६ मेगापिक्सेलचा एक खेळण्यासारखा कॅमेराही निघाला. त्यांना हवे आहेत ते या यंत्राचे दोष, फासलेला चुना आणि विटलेले रंग. हौस आहे, करोत बिचारे. पण घेतलाच आहे तर त्यांनी तो दुपारी देवळाच्या चौकात न्यावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि आजीला अग्रशाळेच्या पायरीवर बसवून तिच्या मागे काय काय येते ते पाहावे.

आमच्या सुताराचे काम सध्या चालू आहे. दर्शनी चार खांबांपैकी तिघांची नक्षी बहिणीच्या चित्रांतून पूर्ण मिळाली. चौथ्या खांबासमोर मात्र एकूण एक चित्रात आचाऱ्याचे मोठे पातेले उलटे करून उंचावर ठेवलेले आहे. ते अतिशय स्पष्ट आले आहे.