पाठलाग करणाऱ्याची वही

पळून जाणाऱ्या माणसाविषयी जगाच्या वाङ्मयात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या मागावर निघालेल्या माणसाविषयी मात्र लेखक सहसा घाईत असतात. लालबुंद डोळे, हातात चाबूक, पुढे कुत्री, एवढे सांगितले की त्यांचे काम भागते. अमेरिकन कादंबरीकार कोल्सन व्हाइटहेड यांनी ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ या कादंबरीत ही घाई केलेली नाही, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

२०१६ साली प्रसिद्ध झालेली आणि २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणारी ही कादंबरी एका अर्थी अद्भुतकथाच आहे. गुलामांना उत्तरेकडे निसटून जाण्यास साहाय्य करणाऱ्या गुप्त जाळ्याला इतिहासात ‘भुयारी रेल्वे’ हे नाव पडले होते. ते केवळ रूपक होते. व्हाइटहेड यांनी ते शब्दशः घेऊन जमिनीखाली खरोखरच रूळ टाकले, इंजिने धावू दिली आणि जॉर्जियातील मळ्यावरून पळालेली कोरा ही तरुणी ज्या ज्या राज्यात वर येते ते ते राज्य म्हणजे एक वेगळीच सृष्टी करून टाकली. तिच्या मागावर असतो रिजवे. हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षीच तो गस्तवाल्यांत सामील झाला. कोराची आई मेबल पूर्वी त्याच्या हातून निसटलेली असते. ते शल्य त्याच्या मनात इतके खोल रुतलेले असते की मुलीचा पाठलाग हा त्याच्या लेखी आईच्या जुन्या थकबाकीची वसुलीच ठरतो.

रिजवे हे पात्र जोरकस आहे, परंतु ते फार बोलते. राष्ट्राच्या नियतीविषयीची त्याची प्रवचने ऐकताना लेखकाने आपला निबंध त्याच्या तोंडी घातला आहे असा संशय येतो. (प्रवचनाचा धंदा आमचाही असल्याने हा दोष आम्हांस लवकर दिसतो.) त्याहून कितीतरी भेदक आहे ते त्याच्या गाडीवरचे दहा वर्षांचे काळे पोर, होमर. रिजवेने त्याला पाच डॉलरांस विकत घेतले आणि दुसऱ्याच दिवशी मुक्तीचे कागद करून दिले. तरीही ते पोर रात्री स्वतःच्या हाताने स्वतःला गाडीशी बेडीने बांधून घेते. एरवी त्याला झोप येत नाही. रिजवेचा हिशेब लिहिणारी वही त्याच्याच हातात असते. संपूर्ण कादंबरीत आम्हांस सर्वांत अस्वस्थ केले ते या वहीने.

हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’मध्येही टॉम लोकर नावाचा असाच एक माग काढणारा आहे. तो रिजवेइतका विचारवंत नाही. तो पैशासाठी हे काम करतो. याबाबतीत स्टोबाई वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होत्या. अमेरिकेतील १८५० च्या कायद्यानुसार पळालेल्याला धन्याच्या हवाली करणाऱ्या आयुक्तास दहा डॉलर मिळत आणि त्याला सोडून दिले तर पाचच. सारे निमूटपणे कागदावर चाले.

त्याच काळात काही ख्रिस्ती उपदेशक संत पौलाच्या फिलेमोनला लिहिलेल्या पत्राचा आधार देऊन हा कायदा समर्थनीय ठरवीत होते, कारण पौलाने पळालेल्या अनेसिमाला धन्याकडे परत पाठविले होते. अनुवाद ग्रंथातील, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये ही आज्ञा त्यांना आठवली नाही; आणि पौल त्याच पत्रात अनेसिमाचे देणे स्वतःच्या अंगावर घेतो, हेही नाही. ते असो.

मराठी वाचकास हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील त्या कायद्यानंतर नऊच वर्षांनी, १८५९ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात करारभंगाचा कायदा आला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत जाण्याचा किंवा पैसे फेडण्याचा हुकूम देई. न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, तरी त्या कायद्यामागचा विचार आमच्या मुलखात आजही चांगला रुजलेला आहे. कायदा १९२५ साली रद्द झाला, १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा अधिनियम आला आणि त्याने तसली कर्जे संपुष्टात आणली. ‘उचल’ हा शब्द मात्र जिवंत राहिला.

विष्णुपुरीला गोदावरी अडवली गेली आणि नदीकाठ उसाने, केळीने हिरवा झाला. परंतु कंधार, मुखेडच्या माळरानावरील तांड्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या दूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर पावसाळ्यातच उचल दिलेली असते. हंगाम सरला तरी ती पुष्कळदा फिटत नाही आणि बाकी पुढच्या सालावर जाते. एखादे जोडपे रातोरात फडावरून निघून गेले तर त्याच्या शोधात निघतो तो मुकादम. आणि हा मुकादम कोण? बहुधा त्याच तांड्यातला, कालपरवापर्यंत स्वतः कोयता चालविणारा, टोळी पुरविण्याच्या बोलीवर वाहतूकदाराकडून पैसे उचललेला. टोळी पळाली की तो बुडतो. मजूर डांबून ठेवल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तशा मुकादमालाच उचलून नेल्याच्याही वाचतो. पाठलाग करणाऱ्याच्याही मागे कोणीतरी असतोच. साखळीचे शेवटचे टोक साखरेच्या पोत्यापाशी, म्हणजे तुमच्या-आमच्या चहाच्या कपापाशी येते.

आमची तक्रार आहे ती इथे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ने (१९५९) हजेरीच्या जाचाखालील माणसाला नायकपद दिले. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’त (१९८७) पोलिसांच्या माराखाली वाढलेले बालपण सांगितले आणि त्यांस १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या दोन्ही पुस्तकांनी मराठीला मोठे केले यात शंका नाही. दोहोंतही दृष्टी पळणाऱ्याची आहे, आणि तो अन्याय प्रथम त्याच्याच तोंडून सांगितला जाणे योग्यही होते. परंतु पाठलाग करणारा तिथे खाकी वेषात, बाहेरून येतो. आमच्या तांड्यात तो बाहेरून येत नाही. लग्नात त्याच्याच शेजारी पंगतीला बसावे लागते. पोर आजारी पडले की मध्यरात्री पैसे मागायला त्याच्याच दारी जावे लागते. या माणसाच्या अंतरंगात शिरून लिहिलेली थोर कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही. कळवळ्याच्या कविता पुष्कळ आल्या आहेत.

विष्णुपुरीच्या विद्यापीठात आज याच तांड्यांतून आलेली मुले-मुली मराठी घेऊन शिकतात. त्यांच्यापैकी कोणी हा विषय हाती घेतलाच, तर त्याने रिजवेला बाजूला ठेवावे आणि होमरपासून आरंभ करावा, असे आम्हांस वाटते. टोळीत चार बुके शिकलेले एखादे पोर असते. मुकादम त्याला जवळ बसवून घेतो, चहा पाजतो, आणि कोणाच्या नावावर किती बाकी राहिली ते त्याच्याकडून वहीत लिहून घेतो. त्या वहीत त्या पोराच्या आईबापांचेही नाव असते.